मापवालीसाठी एक राउंड

आमच्या ऑफिसात मला तराजू म्हणतात. काम तसंच आहे. आम्ही मारामारीचे व्हिडिओ गेम बनवतो, आणि कुणाचा ठोसा किती जोराचा, कुणाची लाथ किती लांब, कुणी कुणावर उगाच भारी तर पडत नाही ना, हे तोलायचं माझ्याकडे असतं. आता गंमत अशी की सगळ्यांत आधी तोल सुटतो तो माझाच. मी ते नाकारत नाही. आई म्हणते, माझे पाय पाळण्यातच दिसले होते, आणि ते पाय सतत कुणाला तरी लाथा मारत होते.

त्या महिन्यात भांडण चाललं होतं एका जागेवरून. आमचा नवा गेम म्हणजे पाहुण्यांचा मेळा होता. वेगवेगळ्या गेममधले, चित्रपटांतले, चित्रकथांतले लढवय्ये त्यांच्या मालकांची परवानगी काढून एका आखाड्यात आणायचे आणि एकमेकांवर सोडायचे. एकोणीस पाहुणे ठरले होते. त्यांत एक तलवारवाली होती, लोखंडी हातांचा आचारी होता, चार हातांचा पोस्टमनही होता. विसावी जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी दोनच नावं उरली होती. एक, गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचा नायक, ज्याचं तोंड आजवर कुणी हेल्मेटबाहेर पाहिलेलं नाही. दुसरी मापवाली.

मापवाली म्हणजे तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या चार भयपटांतलं भूत. शिवणकाम करणारी बाई, अंगात पायघोळ काळा झगा, गळ्यात माप घ्यायची फीत. ती धावत नाही, ओरडत नाही, दात दाखवत नाही. नुसती चालत येते आणि माणसाचं माप घेते. आधी घोटा, मग गुडघा, मग कंबर, मग छाती. शेवटी म्हणते, "मान वर." गळ्याचं माप झालं की माणूस संपला. माझ्या वयाच्या कितीतरी लोकांनी लहानपणी तिच्यामुळे अंथरुणाबाहेर पाय काढले नाहीत.

शर्यतवाल्याच्या बाजूनं विक्रीताई होत्या. गेम लोकांपर्यंत पोचवायचं काम त्यांचं, आणि त्या ते चोख करतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं: त्याचे चाहते तरुण आहेत, मापवालीचे चाहते आता चाळिशीत आहेत आणि त्यांचे अंगठे दुखतात. याचं उत्तर माझ्याकडे होतं. उत्तर नव्हतं ते मास्तरांना. मास्तर म्हणजे आमच्याकडे सगळ्या मारामाऱ्या रचणारा माणूस, एके काळचा स्पर्धा गाजवणारा खेळाडू. ते कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडताना मला फार एकटं वाटतं.

मास्तर म्हणाले, "भीती आणि मारामारी एका पंगतीत बसत नाहीत. भुताची भीती का वाटते? आपण त्याला मारू शकत नाही म्हणून. आपल्या गेममध्ये मात्र दोघांनाही सारखाच मार बसायला हवा. ज्या भुताला दहा वेळा बदडलं, त्याला कोण भिणार? तू तिला आत आणशील आणि तिचीच इज्जत घालवशील."

खरं सांगायचं तर ते बरोबर होते, आणि म्हणूनच माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, तुमचा तो शर्यतवाला गाडीतून उतरला की हेल्मेट घातलेला भोपळा आहे, त्याच्या इज्जतीची काळजी आधी करा. एवढंच म्हणून थांबायला हवं होतं. थांबले नाही. मापवाली चालेल आणि तुम्ही मागे सराल, तुम्हीच, असं मी सगळ्यांसमोर मास्तरांना म्हणाले.

आमचे कप्तान म्हणजे ऑफिसचे मालक. त्यांनी फक्त चटईकडे बोट केलं. मोठ्या पडद्यासमोर एक जुनी निळी चटई अंथरलेली असते, आणि वाद हाताबाहेर गेला की तो तिच्यावर मिटवायचा हा आमचा पहिल्यापासूनचा नियम. ज्याला नवा लढवय्या हवा त्यानं आठवड्यात त्याचा कच्चा पुतळा, म्हणजे पडद्यावर खेळवता येईल एवढा नमुना, तयार करायचा. ज्याचा सगळ्यांत जास्त विरोध त्यानं त्याच्याशी एक राउंड खेळायचा. तेवढा वेळ तोंडं बंद. त्यानंतर कप्तान जे म्हणतील ते खरं. एवढा मोठा गेम आम्ही पाच-सहा वर्षांत एकदा करतो, त्यामुळे ही जागा गेली की गेलीच.

आता घरातली गोष्ट सांगते, कारण खरं घोडं तिथे अडलं होतं. मापवाली माझी आत्या आहे.

चारही चित्रपटांत झग्याच्या आत तीच होती. तेव्हा ती शाळेत गणित शिकवायची आणि सुट्टीत नाटकात कामं करायची. पहिल्या चित्रपटाच्या वेळी झगा शिवणाऱ्यानं खालचा घेर चुकून इतका अरुंद ठेवला की तिला अर्धंच पाऊल टाकता येईना, आणि बूट मिळाले ते दोन नंबर मोठे. पावलांचा आवाज नको म्हणून बुटांवरून लोकरी मोजे चढवले. डावा पाय टाकायचा, उजवा मागून सरकत आणायचा, आणि झग्याची किनार जराही हलू द्यायची नाही. सगळ्यांना ज्या चालीनं घाम फोडला ती अशी एका शिंप्याच्या चुकीतून निघाली. तिचं नाव मात्र पडद्यावर कधीच आलं नाही. जाहिरातीच लावल्या होत्या, 'मापवालीच्या भूमिकेत: स्वतः मापवाली.' आत्यानंही ते चालवून घेतलं. ती म्हणायची, मुलांना मी पाढ्यांनी घाबरवतेच, त्यात आणखी भूत कशाला.

घरात आम्हा भावंडांना हे माहीत होतं आणि बाहेर बोलायला बंदी होती. वाढदिवसाला ती आम्हाला दाराच्या चौकटीला उभं करायची, त्याच फितीनं उंची मोजायची आणि म्हणायची, "मान वर." आम्ही भीतीनं आणि हसून हसून गडबडा लोळायचो. अजून त्या चौकटीवर माझ्या नावाच्या अकरा रेघा आहेत.

भांडण झालं त्या बुधवारी मी घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. ती खुर्चीत पाय लांब करून बसली होती. तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या आहेत आणि नवे सांधे बसवायची तारीख पुढच्याच्या पुढच्या सोमवारची ठरली होती. नवे सांधे बसले की ती छान चालणार होती, पण तसं चालणार नव्हती. जुन्या चित्रपटांवरून ती चाल उचलायचा प्रयत्न आमच्या हाडवैद्यानं केला होता. हाडवैद्य म्हणजे आमच्या पुतळ्यांच्या आत हाडं बसवून त्यांना हलवणारा मित्र. त्यानं केलेली मापवाली पायाला नवे बूट चावत असलेल्या गिऱ्हाइकासारखी दिसत होती.

आत्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला मापवाली हवी आहे, की माझं नाव लागायला हवं आहे?"

मी म्हटलं, दोन्ही.

"मग मी चालून देते. पण ती कोण हे आधी कुणाला सांगायचं नाही. ओळख सांगून घेतलंत तर ते माझ्यावर उपकार. न सांगता घेतलंत तर तो तिचा मान. पत्करत असेल तर बोल."

मी पत्करलं. घरच्या माणसाला पुढे ढकलते असं कुणी म्हणू नये, हेही मनात होतंच. फक्त हाडवैद्याला सांगावं लागलं. त्यानं कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली आणि त्या दिवसापासून मला पाहून एवढा मोठा चेहरा करायला लागला की आमचं दोघांचं काहीतरी जुळलंय अशी ऑफिसात कुजबुज सुरू झाली.

रविवारी सकाळी ऑफिस रिकामं असताना आत्याला आणलं. अंगावर ठिकठिकाणी पांढरे चेंडू चिकटवलेला काळा घट्ट पोशाख घालायचा, माणूस चालला की चेंडू हलतात, आणि भिंतीवरचे बारा कॅमेरे ती हालचाल टिपून पुतळ्याला देतात. आत्या आरशात पाहून म्हणाली, या वयात अंगाला असले फोड बरे दिसत नाहीत. मग तिनं पिशवीतून लोकरी मोजे काढले. मोजे तिनं पस्तीस वर्षं जपून ठेवले होते, आणि ते मलाही माहीत नव्हतं.

ती चालली. नऊ पावलं. गुडघे दुखत असणारच, पण चेहऱ्यावर काही नाही. हाडवैद्य माझ्या शेजारी उभा होता, तो नकळत माझ्या मागे आला. चटई संपली तशी ती थांबली, आधी नुसतं डोकं वळवलं, मग खांदे, मग सावकाश पावलं, आणि तिथूनच आम्हाला विचारलं, "झालं का?" मला तेव्हा हसू आलं आणि रडूही आलं. मी दोन्ही केलं.

राहिले तीन दिवस. त्यात मी आणि हाडवैद्यानं करड्या ठोकळ्यांची एक मापवाली उभी केली. लढायची पद्धत मी अशी ठरवली होती: ती ठोसे मारत नाही, उडी मारत नाही. जवळ आली की एक माप घेते. पाच मापं झाली की राउंड तिचा. समोरच्यानं त्याआधी तिचा जीव संपवला की राउंड त्याचा. तोलून पाहिलं तर हिशोब बरोबर जमत होता. कागदावर सगळंच जमतं.

बुधवारी आत्याला दुपारी हॉस्पिटलात तपासणीला न्यायचं होतं, म्हणून तिला बरोबरच आणलं आणि बाहेर सोफ्यावर बसवलं. सोमवारच्या ऑपरेशनआधीची ही शेवटची तपासणी होती. स्वागतकक्षातल्या मुलीला मी एवढंच सांगितलं की ही माझी आत्या, हिला पाणी दे आणि हिच्याशी आकड्यांवर वाद घालू नकोस.

आत सगळे जमले होते. मास्तरांनी तलवारवाली घेतली. ती आमच्या गेममधली सगळ्यांत चपळ. मी माझा कंट्रोलर हातात घेतला. राउंड सुरू झाला, मापवाली एक पाऊल चालली, दुसरं चालली, आणि मास्तर टुणकन तिच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे गेले.

आणि मापवाली तशीच सरळ चालत राहिली.

मारामारीच्या गेममध्ये समोरचा डोक्यावरून पलीकडे गेला की लढवय्या आपोआप वळतो. ते एका खुणेचं काम असतं, एका चौकोनात टिचकी मारायची. गेली दहा वर्षं मी प्रत्येक पुतळ्याला ती टिचकी मारत आले आहे. या एकीला विसरले. मापवाली शत्रूकडे पाठ करून रिकाम्या भिंतीकडे निघाली होती. मी बटणं दाबली, काही होईना. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. विक्रीताई शर्यतवाल्याच्या फाइलवरची धूळ झटकायला लागल्या, जी मुळात नव्हतीच.

मास्तरांनी मागून एक वार केला. जीव कमी झाला, पण ती दचकलीही नाही, कारण दचकणं बनवायला मला वेळच मिळाला नव्हता. त्यांनी दुसरा वार केला, तिसरा केला. ती आपली चालतेय. डावा पाय टाकायचा, उजवा मागून सरकवायचा, किनार स्थिर. हसणं हळूहळू कमी झालं. चौथा वार, पाचवा. तिच्यात आता एका फटक्याचा जीव उरला होता, आणि माझ्यात तेवढाही नव्हता.

नववं पाऊल पडलं आणि ती थांबली. चालीचा तुकडा मधून कापून तोच परत परत फिरवायचा असतो. हाडवैद्य घाईत तो कापायला विसरला होता. त्यामुळे पुढचंही सगळं पुतळ्यात तसंच होतं. तिनं डोकं वळवलं. मग खांदे. मग सावकाश पावलं. आणि ती मास्तरांच्या तलवारवालीकडे बघत उभी राहिली, जणू विचारत होती, झालं का?

मास्तरांनी मागे पाऊल टाकलं.

एक फटका पुरेसा होता. हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. ती चालायला लागली आणि ते मागे सरत गेले, पार कोपऱ्यापर्यंत. घोटा. गुडघा. कंबर. छाती. मी शेवटचं बटण दाबलं, फीत गळ्याभोवती गेली आणि पडदा काळा झाला.

मास्तरांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग कबूल केलं, "मी मारायलाच जात होतो. अंगठा मागे का गेला, मला कळलं नाही." त्यांचा चेहरा मात्र पहिल्या बक्षिसाच्या दिवशी असावा तसा फुलला होता. विक्रीताईंनी विचारलं की हे चुकांमुळे झालं, खऱ्या गेममध्ये चुका नसतील तेव्हा काय. मास्तरच त्यांना म्हणाले की या दोन्ही चुकांना कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे. मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

पण कप्तान अजून विचारात होते. त्यांनी विचारलं की ही चाल कुठून आणली. चित्रपटांच्या मालकांनी मापवालीचं रूप दिलं आहे, झगा दिला आहे, फीत दिली आहे. चाल तर त्या बाईची, आणि ती कोण हे कुणालाच माहीत नाही.

"चाल हुबेहूब तिची आहे," कप्तान म्हणाले. "दहा वर्षांचा असताना मी तिच्यामुळे महिनाभर आईच्या खोलीत झोपलोय, मला कळतं. पण ज्या बाईला तेव्हा कुणी नाव दिलं नाही, तिची चाल न विचारता उचलणार नाही मी. ती सापडली तर मापवाली. नाहीतर शर्यतवाला, आणि ते आजच ठरवायचंय. कुणी नक्कल केली ही?"

झालं. सांगितलं तर आत्याला दिलेला शब्द मोडतो, नाही सांगितलं तर मापवाली जाते. आडात उतरावं की विहिरीत, एवढंच काय ते माझ्या हातात होतं. हाडवैद्याचा चेहरा फुग्यासारखा फुगला होता, आता फुटेल की मग. आयुष्यात पहिल्यांदाच मला रागही येईना. मी खाली मान घालून चटईच्या निळ्या धाग्यांकडे बघत बसले.

"मान वर."

आवाज दारातून आला. मोठा नव्हता, चढवलेला नव्हता. आत्या उभी होती, एका हातात एक्स-रेचं पाकीट, दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास. हॉस्पिटलला उशीर होतोय हे सांगायला ती आली होती आणि कप्तानांचं बोलणं ऐकून दाराशी थांबली होती. मी मान वर केली. माझ्याबरोबर खोलीतल्या सगळ्यांनीच केली. विक्रीताईंनी तर हनुवटी पार छताकडे नेली. कप्तान खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि त्यांचा एक हात स्वतःच्या गळ्यावर होता.

आत्या त्यांना म्हणाली, "चाल माझी आहे, चोरीची नाही. सोमवारी मोडीत निघणार आहे. हवी असेल तर त्याआधी घ्या."

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू. मास्तरांनी तिला स्वतःची खुर्ची दिली. कप्तान नुसतेच हसत होते. हाडवैद्य शपथेतून सुटला होता, त्यामुळे रविवारची सगळी हकीकत तो प्रत्येकाला वेगवेगळी सांगत सुटला. आणि विक्रीताई, ज्यांच्याशी मी आठवडाभर भांडले, त्यांनी आत्या गणिताच्या बाई होत्या हे कळताच तिला हळूच विचारलं की माझ्या मुलाला पाढे येत नाहीत, तुम्ही त्याच्याशी एकदा फोनवर बोलाल का. तपासणीला कप्तान स्वतः गाडी घेऊन आले. एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी सांगितलं की हे गुडघे फार मोठे कलाकार आहेत.

उरलेल्या दिवसांत आत्या रोज दोन तास येऊन चालली, वळली, वाकली, मापं घेतली. 'मान वर'सुद्धा तिनं माइकसमोर म्हटलं, एकदाच. दुसऱ्यांदा म्हणायला लागलंच नाही.

गेम आठ महिन्यांनी बाहेर पडला. त्या सकाळी आत्या ऑफिसात आली ती नव्या गुडघ्यांवर, ताडताड जिना चढत, माझ्या आधी. मोठ्या पडद्यावर मापवाली चालत होती. आत्या तिच्याकडे बघून म्हणाली की मला आता असं जमायचं नाही, बरं झालं ही शिकून राहिली. मास्तर तिच्याशी एक राउंड खेळले आणि हरले. मुद्दाम हरले असं ते म्हणतात, पण मी आकडे पाहिलेत.

मग आम्ही शेवटची नामावली लावली. चटईवर सगळे दाटीवाटीनं बसलो होतो. तलवारवालीचं नाव गेलं, आचाऱ्याचं गेलं, पोस्टमनचं गेलं. विसावी ओळ आली. मापवाली, आणि पुढे आत्याचं नाव, वडिलांच्या नावासकट, पूर्ण, शाळेच्या हजेरीपटात लिहितात तसं. एकतीस वर्षं दररोज सकाळी तिनं दुसऱ्यांची नावं पुकारली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती पाठ ताठ करून उभी राहिली होती आणि तिनं हात वर केला होता.

"हजर," ती म्हणाली.